मोटर मोठी घेतली आणि टेबल जास्तच अडकू लागलं

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात ड्रिलिंगचं एक एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन) आहे. बिडाच्या लांबट ब्रॅकेटला एका ओळीत सात भोकं पाडायची, दोन भोकांमध्ये ६० मिलिमीटर अंतर. वर ड्रिलिंग हेड उभं खाली येतं, खाली टेबल आडवं सरकतं. पूर्वी हे टेबल हॅंडव्हीलने फिरवायचे. मग कुणीतरी १६ मिलिमीटर जाडीचा, ५ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवणारा बॉलस्क्रू बसवला, त्याला ५७ मिलिमीटर फ्लॅंजची, म्हणजे बाजारात जिला नेमा २३ म्हणतात ती स्टेपर मोटर (दर पल्सला एक ठराविक पायरी फिरणारी) जोडली आणि एका छोट्या पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) ते चालू केलं. दोन वर्षं मशीन निमूट चाललं.

मग ब्रॅकेटची मागणी वाढली. मालकांनी पीएलसीवाल्याकडून टेबलाचा वेग मिनिटाला दीड मीटरवरून चार मीटर करून घेतला. त्याच फेरफारात प्रत्येक जॉबनंतर होमिंग (होम स्विचपर्यंत जाऊन टेबलाचं शून्य पुन्हा पक्कं करणं) व्हायचं तेही काढलं आणि शिफ्टला एकदाच ठेवलं. आठवड्याभरात भोकं सरकलेले जॉब निघू लागले. रोज नाही, सगळेही नाहीत. सकाळच्या पहिल्या तासात मात्र जास्त. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, मोटर कमी पडते, मोठी घ्या. म्हणून २२ किलो-सेंटिमीटरची मोटर काढून ८६ मिलिमीटर फ्लॅंजची, ८५ किलो-सेंटिमीटरची आणली. नवा ब्रॅकेट करून, कपलिंग बदलून ती बसवली. आणि आता टेबल प्रत्येक फेरीत अडकू लागलं. वेग घेता घेता एक घूं असा आवाज येई आणि स्क्रू जागच्या जागी थरथरत राही.

अशा वेळी मला फोन आला. पॅनेल आणि मोशनची कामं मी बरीच वर्षं करतोय, पण मालकांच्या आवाजातला तो गोंधळ माझ्या ओळखीचा होता. "साहेब, चौपट ताकदीची मोटर घातलीया, तरी गप बसती. आता सर्व्हो घालू काय?" मी म्हटलं, अण्णा, थांबा, काहीच विकत घेऊ नका. जुनी मोटर फेकली नाही ना? नव्हती फेकली. कपाटावर ठेवली होती.

पहिल्या दिवशी मी ती जुनी मोटरच परत चढवली. मोठ्या मोटरवर शोधाशोध करण्यात अर्थ नव्हता, कारण ती प्रत्येक वेळी अडकत होती, आणि जे प्रत्येक वेळी होतं त्यातून फारसं काही कळत नाही. कधीतरी होणारी चूक मात्र बोलते. टेबलाच्या कडेला मॅग्नेटिक स्टॅंड ठेवून डायल (शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं माप) लावला, जॉब न घालता पूर्ण फेरी मारायची, टेबल शून्याला परत आलं की डायल वाचायचा, पुन्हा शून्य करायचा, पुढची फेरी. ऑपरेटर पोरगा शेजारी कागद घेऊन आकडे लिहीत होता. तासाभरानंतर कागदावर बहुतेक शून्यं होती आणि मध्ये मध्ये ०.३०, ०.१०, ०.७१, ०.२० असले आकडे. एखादा शतांश इकडेतिकडे.

हे आकडे नीट पाहा. ०.२४ नाही, ०.५७ नाही. सगळे एकदशांशाच्या पटीत. बॉलस्क्रूची लूज, ढिली कपलिंग, सरकलेली होम स्विच, यातलं काहीही अशा पायऱ्यांनी चुकत नाही. पायऱ्यांनी चुकते ती मोटरच. १.८ अंशाच्या हायब्रिड स्टेपरच्या रोटरला ५० दात असतात. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा हात रोटरच्या हातून सुटला, तर तो पुन्हा पकडतो तो पूर्ण दाताच्या अंतरावर, म्हणजे ७.२ अंशांवर, चार पूर्ण स्टेप्सवर. मधे कुठे त्याला थांबताच येत नाही. ५ मिलिमीटर लीडच्या स्क्रूवर एक दात म्हणजे ५ भागिले ५०, बरोबर ०.१ मिलिमीटर. म्हणजे डायल सांगत होता की पल्स हरवत नाहीयेत, यांत्रिक लूजही नाही, तर वेगात असताना टॉर्क (फिरवण्याचा जोर) संपतोय आणि रोटर मागे पडतोय. कुठलाही महागडा स्कोप न लावता एका डायलने हे निदान होतं, म्हणून हे मी येईल त्याला सांगत असतो.

आता प्रश्न असा की टॉर्क लागतोय तरी किती? इथे बहुतेक ठिकाणी अंदाजाने मोटर घेतली जाते, आणि हिशोब तर दहा मिनिटांचाच आहे.

टेबल, फिक्श्चर आणि जॉब मिळून ४० किलो. टेबल लिनिअर गाईडवर नसून जुन्या डव्हटेलवर (तिरक्या खाचेत घासत सरकणाऱ्या स्लाइडवर) आहे, त्यामुळे घर्षण बरंच. स्प्रिंगकाटा लावून टेबल ओढून पाहिलं तर दुपारी सहा किलोला हलत होतं, सकाळी मशीन गार असताना दहा किलोच्या आसपास. सकाळच्या खराब जॉबांचं कारण इथेच निम्मं कळलं: रात्रभरात स्लाइडवरचं तेल घट्ट होतं आणि जिब (स्लाइड सैल-घट्ट करायची पट्टी) आवळल्यासारखी वागते. तर दहा किलो म्हणजे १०० न्यूटन धरू. स्क्रूवर त्याचा टॉर्क म्हणजे बळ गुणिले लीड, भागिले २π, भागिले कार्यक्षमता: साधारण ०.०९ न्यूटन-मीटर. प्रीलोड असलेल्या (लूज राहू नये म्हणून आधीच घट्ट बसवलेल्या) नटचा स्वतःचा ओढा ०.०५ धरला.

मग वेग घेण्याचा टॉर्क. चार मीटर मिनिटाला म्हणजे ८०० आरपीएम, आणि पीएलसीत रॅम्प, म्हणजे तो वेग गाठायचा वेळ, होता ०.१ सेकंदाचा. इथला आकडा बहुतेकांना चकित करतो. ४० किलोचं टेबल स्क्रूमधून मोटरला दिसतं ते फक्त २५० ग्रॅम-चौरस-सेंटिमीटर जडत्वाचं, कारण लीड लहान आहे. अर्धा मीटर स्क्रूचं स्वतःचं जडत्वही तेवढंच, कपलिंगचं १०० च्या आसपास. आणि त्या ५७ च्या मोटरच्या रोटरचं ४८०! म्हणजे मोटरची जवळजवळ निम्मी मेहनत स्वतःचा रोटर पळवण्यात जाते. ४० किलोच्या टेबलाला जेमतेम पाव हिस्सा लागतो. सगळं मिळून ०.०९ न्यूटन-मीटर. तिन्हींची बेरीज केली तर ०.२३. स्टेपरला फीडबॅक नसतो, तिच्याकडून एकदा चुकलं की कुणालाच कळत नाही, म्हणून मी दुप्पट मार्जिन धरतो: ८०० आरपीएमला ०.४६ न्यूटन-मीटर हवा.

जुन्या मोटरच्या पाटीवर २२ किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.२ न्यूटन-मीटर लिहिलंय. हव्या त्या टॉर्कच्या जवळजवळ पाचपट! मग ती मागे का पडते?

कारण पाटीवरचा तो आकडा होल्डिंग टॉर्कचा आहे. मोटर उभी असताना, दोन्ही फेजमध्ये (कॉइलच्या दोन्ही गटांत) पूर्ण करंट असताना, शाफ्ट पिळून जागचा हलवायला किती जोर लागतो तो. उभ्या बैलाला ढकलायला किती माणसं लागतात यावरून तो नांगर किती वेगाने ओढील हे सांगता येत नाही. आपल्याला टॉर्क हवाय धावताना, आणि धावताना टॉर्क ठरवतो तो कॉइलमध्ये खरोखर पोचणारा करंट. ८०० आरपीएमला मोटरच्या प्रत्येक फेजमध्ये करंट सेकंदाला ६६७ वेळा पूर्ण उलटसुलट व्हायला हवा: सेकंदाला १३.३ फेरे, गुणिले ५० दात. कॉइल म्हणजे इंडक्टन्स, तिला असं झटपट उलटणं आवडत नाही. व्होल्टेज जोरात ढकलेल तेवढाच करंट चढतो, आणि चढेपर्यंत उलटायची वेळ आलेली असते.

म्हणून मग पॅनेल उघडलं. सप्लाय २४ व्होल्ट. मोटरमधून आठ वायर बाहेर आलेल्या, त्या जंक्शन बॉक्समध्ये टेप गुंडाळून दोन-दोन करून जोडलेल्या: सिरीज. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावला, एका फेजला ९.८ मिलिहेन्री. गुणाकार सोपा आहे: २ × ३.१४ × ६६७ × ०.००९८, म्हणजे ४१ ओहमचा अडथळा. २४ व्होल्ट भागिले ४१, हाती येतो ०.६ अँपिअर, आणि ड्रायव्हरवर (पल्सप्रमाणे मोटरला करंट देणाऱ्या डब्यावर) सेट केलाय २.१. यातूनही फिरणाऱ्या रोटरमुळे तयार होणारं उलटं व्होल्टेज वजा होतं ते वेगळंच. ड्रायव्हरचा डिप स्विच काहीही म्हणो, ८०० आरपीएमला या मोटरला तिच्या हक्काच्या करंटच्या पावभर करंटसुद्धा मिळत नव्हता. दीड मीटरच्या वेगाला, म्हणजे ३०० आरपीएमला, तीच जोडणी पुरेशी होती. ज्याने ती केली त्याची काहीच चूक नव्हती. वेग वाढवणाऱ्याने मात्र पॅनेलकडे पाहायला हवं होतं.

आणि मोठी मोटर जास्त का अडकली तेही यातच आहे. तिला पॅरललमध्ये ६ अँपिअर लागतो. ड्रायव्हर ४.२ चा. म्हणून दुकानदाराने ती सिरीज करायला सांगितली, तर सिरीजमध्ये तिचं इंडक्टन्स निघालं १६ मिलिहेन्रीच्या आसपास. सप्लाय तोच, २४ व्होल्टचा. वर तिच्या रोटरचं जडत्व २७०० ग्रॅम-चौरस-सेंटिमीटर, लहान मोटरच्या साडेपाचपट! म्हणजे मिळणारा करंट आणखी कमी, आणि लागणारा टॉर्क जवळजवळ दुप्पट, त्यातला निम्म्याहून जास्त तिचा स्वतःचाच रोटर पळवायला. ८५ किलो-सेंटिमीटर हा आकडा खोटा नाही, पण तो या कामाचा नाही.

नेमा २३, नेमा ३४ हे आकडेही लोक ताकदीचे समजतात, म्हणून इथेच सांगतो: ते फक्त फ्लॅंजचं माप आहे, इंचाच्या दशांशात. २३ म्हणजे २.३ इंच. त्याच फ्लॅंजवर लांबीप्रमाणे दुबळी मोटरही मिळते आणि तगडीही.

पर्याय तीन होते. सर्व्हो (जागा सतत मोजत, दुरुस्त करत चालणारी मोटर), एन्कोडरवाली, म्हणजे आपली जागा मोजणारी क्लोज्ड लूप स्टेपर, किंवा आहे ती मोटर नीट जोडणं. सर्व्हो या टेबलाला नको होता. सात भोकांसाठी थांबत थांबत जाणाऱ्या, कमी अंतराच्या हालचालींना स्टेपर उत्तम, आणि थांबल्यावर ती सर्व्होसारखी बारीक पुढेमागे हलत राहत नाही, मुळासारखी उभी राहते. क्लोज्ड लूपचा मला विचार करावासा वाटला, कारण चुकलं तर निदान अलार्म देते. पण अपुऱ्या व्होल्टेजवर क्लोज्ड लूपसुद्धा फक्त अलार्मच देत बसली असती. आधी टॉर्क, मग पहारा.

आठ वायरची मोटर असण्याचा इथे फायदा होता. चार वायरची असती तर आतली जोडणी कारखान्यातच कायमची झालेली असते. सहा वायरची असती तर पूर्ण कॉइल किंवा अर्धी कॉइल एवढेच पर्याय, पॅरलल नाही. आठ वायरमध्ये प्रत्येक फेजच्या दोन अर्ध्या कॉइल सुट्या मिळतात. सिरीज केल्या की वेढे दुप्पट, इंडक्टन्स चौपट. पॅरलल केल्या की इंडक्टन्स एका कॉइलइतकं, पण पूर्ण टॉर्कसाठी करंट दुप्पट लागतो. पाटीवर ३ अँपिअर लिहिलेलं होतं, ते एकेका कॉइलचं. सिरीजला २.१, पॅरललला ४.२, अशी ती वाटणी होते. उच्च वेगाला करंट व्होल्टेज आणि इंडक्टन्स मिळून ठरवतात, त्यामुळे त्याच सप्लायवर नुसतं सिरीजचं पॅरलल केलं तरी पळतानाचा टॉर्क सुमारे दुप्पट होतो: करंट चौपट चढतो, पण प्रत्येक अँपिअरमागे टॉर्क निम्मा. त्यावर व्होल्टेज दीडपट केलं की एकूण तिप्पट.

व्होल्टेज किती करायचं यावर मात्र थोडं अडलो. हातातला ड्रायव्हर कमाल ५० व्होल्टचा. ४८ चा एसएमपीएस (डीसी सप्लाय) लावला तर कागदावर बसतो, पण मी लावत नाही. टेबल ब्रेक घेताना मोटर जनरेटर होते, ती ऊर्जा ड्रायव्हरमधून सप्लायकडे परत जाते आणि सप्लाय लाईनचं व्होल्टेज वर चढतं. दोन व्होल्टची जागा त्याला पुरत नाही. ड्रायव्हर एक दिवस सकाळी मेलेला सापडतो आणि कुणाला कारण कळत नाही. एक तर ८० व्होल्टचा ड्रायव्हर घ्या आणि मग ४८ लावा, नाहीतर ५० च्या ड्रायव्हरला ३६ वर थांबा. हिशोबाने ३६ पुरत होतं, म्हणून ३६ व्होल्टचा ३५० वॅटचा एसएमपीएस घेतला. अण्णांना फक्त एवढीच खरेदी करावी लागली.

मग वायरींकडे वळलो, आणि इथे थोडा वेळ घालवलेला बरा असतो. मोटर जुनी, डेटाशीट कधीच हरवलेलं, वायरींचे रंग तेलाने काळे पडलेले. दोन वर्षांपूर्वीच्या जोडावर विश्वास ठेवून पॅरलल करायचं म्हणजे जोखीम: एक अर्धी कॉइल उलटी लागली तर दोन्ही एकमेकींना मारतात, इंडक्टन्स जवळजवळ शून्य होतं आणि मोटर नुसती गरम होत गुरगुरते. म्हणून सगळे जोड कापले, आठही टोकं सोलली, आठ चिठ्ठ्या लावल्या.

मल्टिमीटरने चार जोड्या मिळाल्या, प्रत्येकी सुमारे ०.९ ओहम. म्हणजे चार सुट्या कॉइल. पण यातल्या कुठल्या दोन एकाच फेजच्या, आणि त्यांची तोंडं कुठल्या बाजूला, हे मल्टिमीटर सांगत नाही. हे बोटं सांगतात. मोटर कुठेही न जोडता टेबलावर ठेवायची. दोन कॉइल घ्यायच्या, एकीची दोन टोकं दुसरीच्या दोन टोकांना जोडून वळसा बंद करायचा, आणि शाफ्ट चिमटीत धरून फिरवायचा. मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा फिरवायचा. त्या दोन कॉइल वेगवेगळ्या फेजच्या असतील तर दोन्ही वेळा शाफ्ट जड लागतो. एकाच फेजच्या असतील तर एकदा शाफ्ट मोकळा फिरतो आणि एकदा चांगलाच जड. जड लागतो तेव्हा दोन्ही कॉइलमधलं व्होल्टेज त्या वळशात एकमेकांत मिळवलं जातं आणि करंट फिरून रोटरला धरून ठेवतो. मोकळा फिरतो तेव्हा ती दोन्ही व्होल्टेजं समोरासमोर येऊन एकमेकांना थोपवतात, करंट वाहतच नाही. आणि तीच पॅरललची बरोबर जोडणी.

मी शाफ्ट ऑपरेटर पोराच्या हातात दिला. पहिल्या दोन जोड्यांना तो म्हणाला, जड हाय, जड हाय. तिसऱ्या जोडीला टोकं बदलली तसं त्याने एकदम वर पाहिलं. "सुटली की!" आयटीआय झालेलं पोरगं, फेज आणि पोलॅरिटी हे शब्द त्याने परीक्षेत लिहिलेले होते. त्या दिवशी ते त्याच्या बोटांना कळले. बॅक ईएमएफ, म्हणजे तेच उलटं व्होल्टेज, समजवायला मला याहून चांगली रीत माहीत नाही. शेवटी एलसीआरने खात्री केली: पॅरललमध्ये एका फेजला २.५ मिलिहेन्री. पूर्वीच्या ९.८ चा चौथा हिस्सा, जसा हवा तसा.

नव्या जोडणीचा हिशोब परत मांडला. त्याच ६६७ हर्ट्झला अडथळा साडेदहा ओहम. ३६ भागिले १०.५, म्हणजे ३.४ अँपिअर. उलट्या व्होल्टेजची वजाबाकी इथेही आहेच, पण आधीच्या तुलनेत मोटर तिप्पट टॉर्क देणार हे ठरलं. ड्रायव्हरचा डिप स्विच सगळ्यात वरच्या खुणेला नेला: ४.२ पीक. ड्रायव्हरवर पीक (करंटचं टोक) आणि आरएमएस (परिणामी करंट) असे दोन रकाने छापलेले असतात आणि घाईत चुकीचा वाचला जातो. पीक ४.२ म्हणजे आरएमएस ३, मोटर पॅरललमध्ये आरएमएस ४.२ झेपवते. म्हणजे उभं असताना टॉर्क पाटीपेक्षा कमी मिळणार. चालेल, ड्रिल वरून दाबतं, टेबलाला आडवं कुणी ढकलत नाही. उलट मोटर गार राहील.

केबल चार कोरची, एक चौरस मिलिमीटरची, शील्ड असलेली. शील्ड ड्रायव्हरच्याच बाजूला अर्थ केली, मोटरकडचं टोक कापून स्लीव्ह चढवली. मोटरच्या बॉडीला वेगळी अर्थ. होम स्विचची वायर पूर्वी मोटर केबलच्याच पट्टीतून गेली होती ती वेगळी काढली. जंक्शन बॉक्समधली टेप काढून टाकली, दोन वायरच्या फेरूल दाबून सरळ टर्मिनलमध्ये घेतल्या. आणि पॅनेलच्या दारावर जाड अक्षरात लिहून ठेवलं: सप्लाय चालू असताना मोटरची वायर सोडू नका. चालू कॉइल तोडली की जो झटका बसतो त्यात ड्रायव्हरचा आउटपुट जातो, आणि याने गेलेले ड्रायव्हर मी फार पाहिलेत. पीएलसी २४ व्होल्टचा, ड्रायव्हरचे इनपुट ५ व्होल्टचे, त्यांच्यामध्ये २.२ किलोओहमचे रेझिस्टर आधीच होते; तेवढं काम कुणीतरी मन लावून केलं होतं.

रॅम्प ०.१ चा ०.१५ सेकंद केला. अण्णांना वाटलं यात वेळ जाईल. एका हालचालीला ०.०५ सेकंद, सहा हालचालींना ०.३. त्या बदल्यात वेग घेतानाचा टॉर्क एकतृतीयांशाने उतरला.

मशीन चालू केलं. चार मीटरला टेबल असं गेलं की आवाजच बदलला होता, घूं जाऊन एक स्वच्छ सूं. मग वेग मुद्दाम वाढवत नेला, कारण मोटर कुठे हरते हे पाहिल्याशिवाय मार्जिन किती आहे ते कळत नाही. साडेपाच मीटरला ठीक, सहाला ठीक, सातच्या जरा अलीकडे ती अडकली. सकाळच्या गार मशीनवरही हीच परीक्षा घेतली, तेव्हा साडेसहाला अडकली. चार मीटरला चालवायला एवढं अंतर मला पुरेसं वाटलं. जिबही थोडी सैल करून घेतली.

इथे काम संपायला हवं होतं. दोन दिवसांनी फोन आला: भोकं पुन्हा सरकतात. पण या वेळी अण्णा म्हणाले, "साहेब, ह्ये पहिल्यासारखं न्हाई. हळूहळू जातंय, आन् एकाच अंगाला." माणसाने वीस वर्षं मशीनजवळ काढली की तो असं नेमकं बोलतो. पन्नास जॉबनंतर भोक ०.३ मिलिमीटर सरकलेलं, नेहमी मोटरच्या बाजूला.

०.३ ऐकून माझ्या मनात पुन्हा दात आले होते, पण हळूहळू आणि एकाच बाजूला म्हटल्यावर तो विचार सोडला. ०.३ भागिले ५०, एका फेरीला ०.००६. मायक्रोस्टेप १६०० वर होतं, एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे एक पल्स ०.००३ मिलिमीटर. दर फेरीला नेमक्या दोन पल्सचा फरक. पहिल्या दिवशीच्या कागदावरचं ते ०.७१ आठवलं. तो एखादा शतांश मी दर फेरीला डायल शून्य करून पुसून टाकत होतो. डायल तसाच ठेवून वीस फेऱ्या मारल्या असत्या तर हे तेव्हाच दिसलं असतं. आता मी दोन्ही पद्धतींनी मोजतो.

कारण दिशेच्या सिग्नलमध्ये होतं. प्रोग्रॅममध्ये दिशा बदलण्याची आणि पल्स सुरू करण्याची आज्ञा एकाच वेळी सुटत होती. दिशेचा आउटपुट आणि त्यापुढचा ऑप्टो (ड्रायव्हरच्या इनपुटमधला प्रकाशावर चालणारा स्विच) चालू पटकन होतो, बंद व्हायला मात्र जास्त वेळ घेतो. त्यामुळे एका बाजूला वळताना काही बिघडत नव्हतं, पण दुसऱ्या बाजूला वळताना पहिली पल्स जुन्याच दिशेने जात होती. एक पल्स उलट गेली की फरक दोनचा पडतो. दोन्ही वळणांवर हे घडलं असतं तर चूक चुकीला खाऊन गेली असती आणि कधी सापडलीच नसती. हे दोन वर्षं होतच असणार, पण प्रत्येक जॉबनंतरचं होमिंग ते पुसत होतं. दिशा आधी, मग दहा मिलिसेकंद थांबून पल्स, एवढा बदल केला. डायल न हलवता दोनशे फेऱ्या मारल्या, काटा एका शतांशाच्या आत राहिला. होमिंग मात्र मी परत आणायला लावलं, दर वीस जॉबला एकदा, कारण बिडाचा एखादा तुकडा स्लाइडमध्ये कधी अडकेल ते सांगता येत नाही.

ती मोठी मोटर परत गेली नाही. अण्णा शेजारच्या मशीनवर एक इंडेक्सिंग टेबल करतायत: जड गोल प्लेट, बेल्टने तीनास एक, पाव फेरा दोन सेकंदांत. मागच्या आठवड्यात त्यांनी त्याचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "हितं सिरीज का पॅरलल?" तिथे मोटर सरासरी पंचवीस आरपीएमलाही पोचत नाही, प्लेटचं जडत्व तिच्या जड रोटरशी जुळणारं आहे, आणि हातात ड्रायव्हर आहे ४.२ अँपिअरचा. मी लिहिलं: सिरीज, २४ व्होल्टच ठेवा, आणि आठ वायरी आधी त्या पोराच्या बोटांना दाखवून घ्या.